साळूची पुलावरची फेरी

फार वर्षांपूर्वी, एका डोंगरातल्या ओढ्यावर भुरी नावाची वानरी वेलींचा पूल बांधत होती. रोज ती पुलात काहीतरी नवं करी, आणि तो खुला होण्याआधी साळू नावाची साळिंदरीण तो तपासायला त्यावरून फिरून येई. कधी ती सशासारख्या उड्या मारी, कधी भेकरासारखी धावे, कधी मध्येच मागे वळे.

एके सकाळी बिळात पाणी शिरल्यामुळे एक सशीण चार पिलांना घेऊन काठावर आली. पलीकडे कोरडी जमीन होती.

"साळू, आज फेरी राहू दे," भुरी म्हणाली. "मी फक्त पलीकडची एक गाठ बदललीये. बाकी पूल कालचाच आहे. पिलं बघ कशी कुडकुडतायत."

"पिलं जायची आहेत म्हणूनच आधी मी जाते," साळू म्हणाली आणि उड्या मारत निघाली.

ती पुलाच्या मध्यावर पोचली तशी पायाखालची वेल सटकली. साळू पुढच्या पायांनी वेल धरून लोंबकळली. भुरीने झेप घेऊन तिला वर ओढलं.

"तिकडची नवी गाठ आवळलीस, त्या ताणाने इकडची सुटली," साळू धापा टाकत म्हणाली.

भुरीने सुटलेली गाठ घट्ट बांधली. सशीण घाईने पुढे सरसावली, तशी भुरीच आडवी आली.

"जरा थांब गं. साळू, पुन्हा पहिल्यापासून जाऊन येतेस?"

साळू गेली आणि सुखरूप परत आली. मग चारही पिलं आईमागून उड्या मारत पलीकडे पोचली.