आतून पुसलेली काच

"...पण समोरचा दिवे खाली करतच नाही, त्याला मी काय करू, चाचा?"

मेहबूबचाचा टेम्पोशेजारी बसून रंगनाथचं गाऱ्हाणं ऐकत होते.

रंगनाथ ढमाले पंचवीस वर्षं रात्रीच्या घाटातून फुलांचा टेम्पो उतरवत होता. स्टिअरिंग धरायला शिकवलं ते याच चाचांनी. पण चष्मा लागला आणि दिव्यांनी त्याचा पिच्छाच पुरवला. समोरून गाडी आली की डोळ्यांपुढे नुसता पांढरा भडका. गेल्या आठवड्यात एक सायकलवाला थोडक्यात वाचला. सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर बघतो, असं धंदा बघणाऱ्या धाकट्या भावाने तोंडावर सांगितलं. टेम्पो सुटला तर आपण उरलो कशाला, या विचाराने रंगनाथ टेम्पो घेऊन चाचांकडे आला होता.

तरी ऐट बघा! भडका कमी व्हावा म्हणून चष्म्यावर चढवायची पिवळी काच त्याने आणलीच होती. टेम्पो रोज दोन वेळा धुतो, पुढची काच आरशासारखी ठेवतो, हेही चाचांना ऐकवून झालं होतं.

चाचा उठले. केबिनमध्ये चढले. खिशातला पांढरा रुमाल काढून त्यांनी पुढची काच आतून पुसली.

रुमाल काळाकुट्ट झाला.

रोज गाडी काढताना रंगनाथ केबिनमध्ये उदबत्ती लावायचा. इतक्या दिवसांचा धूर काचेवर आतून बसला होता, आणि हा शहाणा बाहेरून पाणी मारत होता.

"चष्मा कशाने पुसतोस?"

रंगनाथने निमूटपणे गळ्यातला गमछा पुढे केला. घाम त्यालाच, तेलाचे हातही त्यालाच.

चाचांनी त्याला साबणाच्या पाण्याने चष्मा धुवायला लावला, धुतलेल्या मऊ सुती कापडाने टिपायला लावला. केबिनची काच तर त्याच्याकडून तीनदा पुसून घेतली. रात्रीचा उजेडच खाणारी पिवळी काच मात्र मागच्या फुलांच्या करंड्यांत टाकून दिली.

अंधार पडल्यावर दोघे निघाले.

डॅशबोर्डवर देवाच्या तसबिरीपुढे निळा बल्ब लुकलुकत होता. त्याचा उजेड काचेवर नाचत होता, चष्म्यातही नाचत होता. चाचांनी हात लांब करून बल्ब बंद केला.

रंगनाथ चरकला. "चाचा... देव अंधारात?"

"त्याला दिसतं. तुला दिसायचं आहे."

घाट लागला. पहिला ट्रक समोरून आला तशी रंगनाथची नजर सवयीने त्याच्या दिव्यांना जाऊन चिकटली.

चाचांनी बोट दाखवलं. डावीकडे, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे.

रंगनाथने वेग कमी केला आणि पट्टा धरला. ट्रक गेला. भडका नाही, काही नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. एका वळणावर बिनदिव्याची बैलगाडी होती, ती त्याला चांगली लांबून दिसली. त्याने आरामात गियर उतरवला, जागा सोडली, पुढे निघाला. ऊर असा भरून आला की मोठ्याने गावंसं वाटलं त्याला. आता भावाला सांगायचं, दुसरा ड्रायव्हर बघ तुझ्या सासरी!

घाट उतरून त्याने टेम्पो कडेला घेतला. आता चाचा पाठ थोपटणार, म्हणून मोठ्या आशेने शेजारी वळून पाहिलं.

चाचांची मान छातीवर टेकली होती. मस्त घोरत होते.

रंगनाथचा चेहरा उतरला. त्याने हलवून त्यांना जागं केलं.

"चाचा, मी अख्खा घाट उतरवला... तुम्ही बघितलंच नाही."

चाचांनी डोळे चोळले. खिडकीबाहेरचा सपाट रस्ता बघितला.

"चाळीस वर्षांत दुसऱ्याच्या गाडीत मला झोप लागली नव्हती, रंगा."