घाटमाथ्यावरचं विरजण

“...पण महाराज, त्यांच्याकडे भर पडली की आपल्याकडे तूट येणारच. एवढं साधं गणित तुम्हाला का पटू नये?”

प्रश्न विचारत होते उंबरगडचे कारभारी शिदोजीराव. उत्तर द्यायचं होतं भिवनाथ गोसाव्यांनी. ते चुलीपुढे बसून दूध तापवत होते आणि त्यांचं सगळं लक्ष सायीकडे होतं.

भिवनाथांचा हा मठ ऐन घाटमाथ्यावर. दारातूनच वाट खाली उतरते. वरचं राज्य उंबरगडचं, खालचं खाजणीचं. वर गवताचे माळ आणि गुरंढोरं, खाली भात आणि मिठागरं. शिदोजीराव लहानपणी याच मठात अक्षरं गिरवायला शिकले. पुढे कारभारी झाले, आणि तेव्हापासून अधूनमधून गुरूंनाच चार गोष्टी शिकवायला येत.

आज मात्र ते कामाने आले होते. घाटाचं दार उद्यापासून कायमचं बंद करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. विकायच्या तुपाखेरीज कसलंही दूधदुभतं खाली जाऊ द्यायचं नाही, हा हुकूम तर आधीच सुटला होता. लोक कुरकुरत होते. महाराजांनी नुसतं ‘बरोबर आहे’ म्हटलं असतं तरी ती कुरकुर थांबली असती. म्हणूनच येताना सरकारी कोठारातलं तुपाचं गाडगंही आणलं होतं, तोंडाला फडकं बांधून.

“घास एकच आहे, महाराज. त्यांनी खाल्ला की आपण उपाशी.”

भिवनाथांनी दूध खाली उतरवलं.

“खाजणीकरांच्या आजोबांनी आपला माळ लुटला. माझे आजोबा त्यात कामी आले. विसरलात?”

“नाही विसरलो. तेव्हा आपलं गेलं ते त्यांना मिळालं. लुटीत तसंच होतं.”

“मग?”

“मग काय?... आज कोण लुटतंय?”

शिदोजीरावांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण तेवढ्यात दारात गलका झाला आणि घाटाच्या चौकीवरचा हवालदार आत शिरला. मागून दोन शिपाई एका बाईला घेऊन आले. लुगड्याचा काचा मारलेली, पाय धुळीने माखलेले. नाव यसू, राहणार खाजणीकडच्या पहिल्याच गावात.

“सरकार, माल पकडला!” हवालदार म्हणाला. हातात त्याने एक पितळी वाटी धरली होती, आणि ऐट अशी की शत्रूची तोफच ओढून आणली आहे.

“कसला माल?”

“दूधदुभतं, सरकार. चोरून खाली नेत होती. हुकुमाप्रमाणे माल तिथल्या तिथे नष्ट केला. ही वाटी तेवढी उरली.”

“चोरून न्हाई,” यसू म्हणाली. “मागून आनलं व्हतं. वरल्या गावच्या पाटलांच्या घरनं.”

“काय होतं वाटीत?” भिवनाथांनी विचारलं.

“इरजण, म्हाराज. चमचाभर. बुळकांडीच्या रोगानं आमची समदी गुरं गेली. एक गाय वाचली, ती आता याली हाय. दूध हाय, पन गावात कुनाच्याच घरात इरजण न्हाई राहिलं. म्हनून घाट चढून आले.” मग ती हवालदाराकडे वळली. “आन ह्या बाबानं ते धुळीत वतलं.”

शिदोजीरावांना लाज वाटली. स्वतः काढलेला हुकूम एका वाटीत उतरलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण लाज वाटली की माणूस आवाज चढवतो, आणि कारभारी तर चढवतोच.

“बाई, आज विरजण, उद्या दही, परवा लोणी! तुमच्याकडे तूप व्हायला लागलं की आमचं कोण घेणार? महाराज, चमचा बघू नका. चमच्यामागून काय येतं ते बघा!”

“शिदोजी, खालची गुरं मेली तेव्हा तू काय केलंस?”

“हळहळलो. निरोपसुद्धा पाठवला.”

“आणि मनात?”

शिदोजीरावांना या माणसापुढे लहानपणापासून खोटं बोलता येत नसे. हीच एक मोठी अडचण होती.

“मनात... बरं वाटलं,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू? वाटलं, आता आपल्याच तुपाला भाव.”

“आला भाव?”

भिवनाथांनी पुढे सरकून तुपाच्या गाडग्याचं फडकं सोडलं आणि गाडगं उचलून शिदोजीरावांच्या नाकापुढे धरलं.

खवट वास अख्ख्या खोलीभर पसरला. हवालदाराने तोंड फिरवलं. शिदोजीरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कोठारातली गाडगी तशीच्या तशी भरलेली होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण वरच्या ओळीतलं गाडगं उचलून आणताना त्याचा वास घ्यावा, हे काही त्यांना सुचलं नव्हतं.

“खालून कोणी घ्यायला आलं नाही यंदा?” भिवनाथांनी विचारलं.

“नाही.”

“का गं?” त्यांनी यसूला विचारलं.

“घेनार कशानं, म्हाराज? नांगराला बैल न्हाईत. भात झालं न्हाई. भात असंल त्या वर्साला आमी सणाला उंबरगडचंच तूप घेतो की.”

हे तिने अगदी सहज सांगितलं. मग म्हणाली, “वाटी द्या माजी. जाते. लई लांब जायाचंय.”

भिवनाथांनी हवालदाराच्या हातून वाटी घेतली. स्वतः विसळली, पुसली. मग शिंक्यातलं दह्याचं मडकं खाली काढलं.

“थांबा, महाराज.” शिदोजीराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज आता खरोखर करडा झाला होता. “हुकूम आहे. तो तुम्ही मोडलात तर उद्या अख्खा घाट मोडेल. मला तो पाळावाच लागेल. उद्यापासून या मठात दुसरा गोसावी बसेल.”

“बसव. त्याला सांग, विरजण शिंक्यात आहे.”

“मी थट्टा करत नाही!”

“मीही नाही.”

शिपाई एकमेकांकडे बघू लागले. बाहेर उन्हं कलली होती, कड्याची सावली अंगणात आली होती. शिदोजीरावांना दुसरं काही सुचेना. एवढा राज्य चालवणारा माणूस, पण आयत्या वेळी त्याच्या तोंडून बाहेर पडली ती घरातल्या बायकांची भाषा.

“आणि... आणि तिन्हीसांजा झाल्या आहेत. दिवेलागणीनंतर घरातलं विरजण देत नाहीत. लक्ष्मी जाते.”

भिवनाथांनी हातातला चमचा थांबवला.

“दिवा लागला कुठे अजून?”

त्यांनी मडकं बाजूला ठेवलं. उठून कोनाड्यातल्या समईपाशी गेले. वात सारखी केली, चुलीतल्या काटकीने ती पेटवली, हात जोडले. सगळं सावकाश. शिदोजीरावांना वाटलं, ऐकलं म्हातारबुवांनी. त्यांनी सुटकेचा श्वासही टाकला.

भिवनाथ परत येऊन बसले. चमचा मडक्यात बुडवला आणि दिव्याच्या उजेडात, कारभाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, वाटी काठोकाठ भरली.

“घे, पोरी. कोमट दुधात घाल. गरम असेल तर फुकट जाईल.”

“ठाव हाय वो,” यसू म्हणाली. तिने वाटीवर पदर धरला आणि ती दाराकडे निघाली.

शिपायांनी भाले आडवे केले. त्यांचंही बरोबर होतं. हुकूम हुकूम असतो.

यसू भाल्यांपुढे थांबली. मागे वळून तिने महाराजांकडे नाही, शिदोजीरावांकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. ‘ओता आता हेही’ असंच जणू ती म्हणत होती.

हवालदारही त्यांच्याकडेच बघत होता. शिदोजीरावांनी तोंड उघडलं, पण तो खवट वास अजून नाकातून गेला नव्हता. गच्च भरलेलं कोठार त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. घाट बंद केला तर ते तसंच भरलेलं राहणार, पुढच्या वर्षीही. आपल्या दाराला आपणच बाहेरून कडी घालायला निघालो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांना महाराजांचा भयंकर राग आला.

“सोडा तिला,” ते ओरडले.

भाले बाजूला झाले. यसू वाटी जपत घाट उतरू लागली. भराभर नाही, आपल्या चालीने.

“सरकार, उद्या दार...?” हवालदाराने विचारलं.

“उघडं राहू दे. आणि तो दुधाचा हुकूमही राहू दे बाजूला. जा तुम्ही.”

शिपाई गेले. मठात दोघेच उरले. भिवनाथ आपल्या दुधात विरजण लावत बसले होते. मठाचा प्रश्न, उद्याच्या गोसाव्याचा प्रश्न, त्यांनी काढलाच नाही.

शिदोजीराव दारात उभे राहून वाटेकडे बघत होते. हरल्यासारखं वाटत होतं आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. शेवटी त्यांनी मान वळवली.

“तुमच्यासाठी सोडलं तिला,” ते म्हणाले. “पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. त्यांची गाय वाढेल, गोठे भरतील. भात पिकेल, मीठ आहेच. महाराज, एक दिवस ते आपल्या पुढे गेले तर?... मग आपण काय करायचं?”

भिवनाथांनी भांड्यावर झाकण ठेवलं.

“मग मागायला आपण खाली जायचं. वाटी घासून ठेव.”