इटुकलीचं मण्यांचं फूल

एक होती उंदरी. नाव तिचं इटुकली. बारीक तार घ्यायची, मणी ओवायची, फुलं करायची.

आज तिच्या बाळभावाचं बारसं. पाळण्याला फूल हवंच! इटुकलीने पाच पाकळ्या केल्या. लाल लाल. मधोमध ओवला पिवळा मणी. पण तारेचं टोक वाकवायचं विसरली, वेडाबाई!

सुर्रर्र! मणी सटकला. टुळुक टुळुक टुळुक, अंगणात गेला. तिथे होती कोंबडी. तिला वाटलं, अंडंच! बसली की त्यावर ऐटीत.

पिवळा मणी एकच होता. इटुकलीला रडूच आलं. मधे भोक असलेलं फूल कसं बांधायचं? तिने डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबडीताई, कोंबडीताई, मणी दे.
मणी ओवीन फुलात,
फूल बांधीन पाळण्याला!"

"अंहं! भूक लागलीय. आधी दाणे आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"कणीसदादा, कणीसदादा, दाणे दे.
दाणे देईन कोंबडीला,
कोंबडी देईल मणी,
मणी ओवीन फुलात,
फूल बांधीन पाळण्याला!"

"अंहं! घसा सुकलाय. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी देईन कणसाला,
कणीस देईल दाणे,
दाणे देईन कोंबडीला,
कोंबडी देईल मणी,
मणी ओवीन फुलात,
फूल बांधीन पाळण्याला!"

"अंहं! पोहऱ्याला दोर नाही. आधी दोर आण."

तुरुतुरु तुरुतुरु. आता पाय दुखले हो!

"दोरकाका, दोरकाका, विहिरीवर चला.
विहीर देईल पाणी,
पाणी देईन कणसाला,
कणीस देईल दाणे,
दाणे देईन कोंबडीला,
कोंबडी देईल मणी,
मणी ओवीन फुलात,
फूल बांधीन पाळण्याला!"

"अंहं! माझा पीळ सुटलाय. आधी पीळ घाल."

पीळ? इटुकली खुदकन हसली. अहो, रोज तार पिळणारे हात हे! पिर्रर्र पिर्रर्र, घातला पीळ. दोर झाला घट्टमुट्ट.

"शाब्बास गं पोरी!" दोरकाका म्हणाला.

दोर बांधला पोहऱ्याला. विहिरीने दिलं पाणी, डुबुक! पाणी दिलं कणसाला. कणसाने दिले दाणे, टपटप! दाणे दिले कोंबडीला. कोंबडी उठली, फडफड! आणि मिळाला मणी.

मणी ओवला फुलात. टोक वाकवलं बरं का! फूल बांधलं पाळण्याला. बाळ बघतच राहिलं.

आत्या म्हणाली, "अगंबाई, कुठल्या दुकानातून आणलंस?"

इटुकलीने कमरेवर हात ठेवले. "दुकानातून? छे! मी केलंय. या माझ्या हातांनी!"

आत्याने ते चिमुकले हात धरले, उंच केले आणि सगळ्या पाहुण्यांना दाखवले.