भिंतीवरचं नाव

नदीकाठच्या शिरसोंडी गावात हिंदुराव नावाचा एक पाट्या रंगवणारा राहत होता. दुकानांच्या, शाळेच्या, देवळातल्या देणगीदारांच्या, सगळ्या पाट्या त्याच्याच हातच्या. हिंदुरावानं लिहिलं म्हणजे ते खरंच असणार, असा गावाचा समज झाला होता, आणि पुढंपुढं खुद्द हिंदुरावाचाही झाला. लहानथोर त्याला आबा म्हणत. माणूस मनानं वाईट नव्हता. खोड एकच होती. काहीही विचारा, 'मला ठाऊक नाही' असं त्याच्या तोंडून कधी निघत नसे.

या गावाला वेड होतं फुटबॉलचं. नदीच्या अलीकडे एक कॉलेज, पलीकडे एक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघांचा सामना व्हायचा आणि त्या दिवशी गावात कुणी कामाला हात लावत नसे. अलीकडच्या गोलकीपरचं नाव तालमीच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूनं लिहायची रीत होती. ते लिहायचं हिंदुरावानंच. यंदा तिथं नाव होतं सर्जेरावाचं. सर्जा बिनबापाचा, गरीब घरचा, पण मैदानात आणि नदीत सारखीच झेप घेणारा. त्याचं नाव भिंतीवर चढलं, त्या दिवशी त्याची आई तानुबाई मुद्दाम ते बघायला आली होती. तिला वाचता येत नव्हतं. अक्षरांवरून नुसती नजर फिरवत ती कितीतरी वेळ उभी राहिली.

हिंदुरावाची लेक शालन पलीकडच्या काठाला, वरच्या अंगाला दोन कोसांवर दिली होती. तिचा मुलगा उत्तम पलीकडच्या कॉलेजकडून खेळायचा. त्यामुळे आजोबांची मोठी पंचाईत होई. सामन्याच्या सकाळी नातू आजोळी यायचा, पाया पडायचा, दहीभात खायचा. आणि दुपारी हाच आजोबा मैदानाच्या कडेला उभा राहून त्याच्याविरुद्ध घसा फोडायचा. मागच्या वर्षी मात्र हिंदुरावाच्या छातीत कळ आली आणि तो महिनाभर अंथरुणाला खिळला. तेव्हापासून घरची माणसं वाईट बातमी त्याच्या कानावर जाऊ देत नसत.

यंदा ऐन दसऱ्यात धरणातून पाणी सोडलं. नदी फुगली, पण मैदान उंचावर, कोरडं ठणठणीत. तरीही सकाळी मैदानाच्या फाटकावर कागद लागला, 'आजचा सामना रद्द.' खाली दोन्ही प्राचार्यांच्या सह्या होत्या. कारण लिहिलेलं नव्हतं.

झालं. नऊ वाजेपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर शंभरेक माणसं जमली. ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते उभ्या जन्मात कळलं नव्हतं, तेही प्राचार्यांच्या मनातलं सांगू लागले. एक म्हणाला, पंच आजारी पडला. दुसऱ्यानं पंचाला सकाळीच बाजारात मेथी घेताना पाहिलं होतं. तिसऱ्याचं म्हणणं, पलीकडच्यांनी दोन पोरांचे बाप झालेले खेळाडू संघात घातले आणि ते उघडकीला आलं. वसंता टेलर मैदानात जाऊन आला आणि त्यानं नवीच बातमी आणली. एका गोलाची जाळी जाग्यावर नव्हती. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सर्जाही कालपासून दिसलेला नाही.

हिंदुराव कट्ट्यावर बसून हे ऐकत होता, पण त्याचं अर्धं चित्त घरी होतं. उत्तम अजून आला नव्हता. दहीभाताचं पातेलं झाकून ठेवलं होतं. सामनाच नाही तर पोरगं कशाला येईल, असं तो स्वतःला समजावत होता. पण मन चिंती ते वैरी न चिंती. रस्त्यावर पाऊल वाजलं की त्याची मान आपोआप पुलाकडे वळायची. 'माझा नातू का आला नाही?' एवढंच कुणालातरी विचारायचं होतं. विचारलं तर आपल्याला काही ठाऊक नाही हे दिसलं असतं, म्हणून त्यानं ते विचारलं नाही.

तेवढ्यात वसंतानं सगळ्यांच्या वतीनं त्याला विचारलं, की आबा, तुम्ही गप्प का, तुम्हाला तर सगळं ठाऊक असेल. शंभर माना त्याच्याकडे वळल्या. मनातली धाकधूक दडवायला त्याला काहीतरी बोलायला हवंच होतं. त्यानं घसा खाकरला.

"काल तिन्हीसांजेला सर्जा पुलावरनं पलीकडं गेला. त्यांच्यातल्याच एका पोराच्या फटफटीवर. मांडीवर पोतं हुतं. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. बाकी तुमचं तुमी समजा."

यातला शब्दन् शब्द खरा होता. हिंदुरावानं काडीइतकं खोटं सांगितलं नाही. फक्त शेवटी थोडी जागा मोकळी सोडली, आणि मोकळी जागा दिसली की गाव ती भरतंच.

पोत्यात काय होतं? जाळी. ती का नेली? सामना होऊ नये म्हणून. का होऊ नये? कारण सर्जा पलीकडच्यांना फितूर झाला. दुपारपर्यंत असा पराचा कावळा झाला. एकानं तर खुद्द हिंदुरावालाच येऊन सांगितलं, की पुलावर सर्जानं वळून गावाकडे बघितलं आणि तो हसला म्हणे. हिंदुरावानं सर्जाची पाठ तेवढी पाहिली होती. हसणंबिसणं काही नव्हतं, हे गावात त्याला एकट्यालाच माहीत होतं.  तरी त्यानं नुसती मान डोलावली.

उन्हं कलायच्या आत लोक तानुबाईच्या दारापुढं ओरडून आले. मग सगळे तालमीपाशी जमले आणि फितुराचं नाव भिंतीवर नको म्हणू लागले. नाव हिंदुरावानं लिहिलेलं, तेव्हा पुसायचंही त्यानंच. कुणीतरी बादलीभर पाणी आणि फडकं आणून ठेवलं.

मैदानाची देखभाल करणारा मल्हारी गर्दीतून वाट काढत पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आबा, आत्ता पुसू नगासा," तो म्हणाला. "दिवस मावळूपर्यंत थांबा."

हिंदुरावानं कारण विचारलं. मल्हारीनं मान खाली घातली आणि आपल्याला बोलायची बंदी आहे एवढंच पुटपुटला. लोकांना आणखी काय हवं? बघा, यालाही गप्प बसवलंय, असा एकच गलका झाला.

हिंदुरावाच्या हातात ओलं फडकं होतं. थांबावं, असं त्याला फार वाटलं. पण थांबायचं तर सकाळचं बोलणं मागं घ्यावं लागलं असतं. एवढ्यात माणसं बाजूला सरली आणि तानुबाई समोर आली. ती रडत नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"आबा, पोरगं काल जेवत्या ताटावरनं उठून गेलंय. कुठं, ते मलाबी सांगितलं न्हाई. पाणी किती चढलंय बघताय न्हवं? माझा जीव थाऱ्यावर न्हाई. सगळी म्हणत्यात तुमास्नी ठाऊक हाय. सांगा की मग, कुठं हाय माझं पोर?"

 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायला ही शेवटची संधी होती. ते म्हटलं असतं तर त्या बाईला निदान कळलं असतं, की गाव जे बोलतंय ते पाहिलेलं कुणीच नाही.  हिंदुरावानं तिच्याकडे पाठ केली आणि भिंतीवर फडकं फिरवलं. गेरू विरघळला, लाल पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तानुबाई बघत राहिली. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ती नाहीशी झालेली तिला बरोबर कळली.

दिवस मावळता मावळता पुलावरून एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत पलीकडच्या कॉलेजचे खेळाडू होते, चिखलानं माखलेले. त्यांच्यामध्ये शालन बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून, घोंगडीत गुंडाळलेला उत्तम. शेजारी सर्जा होता. त्याच्या दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती.

शालन खाली उतरली आणि बापाला सावरून धरत तिनं सगळं सांगितलं. काल पाणी चढायला लागलं तेव्हा उत्तम नदीकाठची पंपाची मोटर वर काढायला गेला आणि वाहून गेला. सर्जासारखा पोहणारा पंचक्रोशीत दुसरा नाही, म्हणून एक पोरगा फटफटी घेऊन त्याला बोलवायला आला. जाताना सर्जानं मल्हारीकडून गोलाची जाळी मागून घेतली. पोरगा वाहत खाली आलाच तर अडकावा, म्हणून ती बंधाऱ्याच्या तोंडाला आडवी बांधली. आज दुपारी मधल्या बेटावरच्या करंजाच्या झाडाला धरून बसलेला उत्तम दिसला आणि सर्जा कमरेला दोर बांधून त्या पाण्यात उतरला. सामना रद्द झाला तो यासाठी. आणि कारण लिहू नका, कुणाला सांगूही नका, असं शालननंच प्राचार्यांना विनवलं होतं, आणि सर्जाला नि मल्हारीलाही तसाच निरोप दिला होता. पोरगं सापडायच्या आत ते आबांच्या कानावर गेलं तर त्यांची छाती टिकायची नाही, ही तिची भीती होती.

हिंदुरावानं नातवाचा चेहरा चाचपला. तो गरम होता, जिवंत होता. आनंदानं रडावं की शरमेनं, हे त्याला कळेना. उत्तमच्या गालावर त्याच्या बोटांचे लाल डाग उमटले.

तानुबाईनं लेकाला पोटाशी धरलं. तिच्या खांद्यावरून सर्जाची नजर भिंतीकडे गेली.

"नाव कुणी पुसलं?" त्यानं विचारलं.

 वसंता टेलर चपलेनं माती उकरू लागला. शंभर जणांवर ढकलून हिंदुरावाला अजूनही सुटता आलं असतं. आग्रह त्यांचाच होता, बादलीही त्यांनीच आणली होती. पण त्यानं आपले हात पुढं केले.

"मी पुसलं, सर्जा. तू कशाला गेलास ते मला ठाऊक नव्हतं."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा हिंदुरावानं असं म्हटलं, आणि ते ऐकून तानुबाई वळली.

"एवढंच दुपारी म्हणला असतासा, आबा," ती म्हणाली, "तर बास हुतं."

त्याच संध्याकाळी हिंदुरावानं ते नाव पुन्हा लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. पण खाली पसरलेला तांबडा डाग काही जाईना. पुढच्या दसऱ्याला भिंतीला चुन्याचे दोन हात दिले, तरी तो आतून दिसतच राहिला. कुणी हिंदुरावाला काही विचारलं की तो आधी त्या डागाकडे बघे आणि मगच बोले. बरेचदा 'मला ठाऊक नाही' असंच बोले.

तात्पर्य: ठाऊक नाही म्हणण्यात कमीपणा नाही. अर्धवट पाहिलेलं सांगून उरलेलं लोकांच्या तर्कावर सोपवणारा, शब्दन् शब्द खरा बोलला तरी, दुसऱ्याच्या नावाला डाग लावतो.