महाजनाचं कडं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजाचं नाव मी विसरलो, गावाचंही विसरलो, पण त्या गावच्या महाजनाचं कडं काही विसरत नाही. आठवलं की अजून डोकं तापतं.

महाजन म्हणजे बाजाराचा कारभारी. त्याने वेशीत एक लोखंडी कडं टांगलं होतं, मुठीएवढं. कुणी टमाट्यांची पाटी घेऊन आलं की तो वरचाच एक टमाटा उचलायचा आणि कड्यात सोडायचा. अडकला, तर पाटी बाजारात. आरपार पडला, तर अख्खी पाटी वेशीबाहेरच्या उकिरड्यावर. आणि ज्याची पाटी लागोपाठ तीन बाजार उकिरड्यावर गेली, त्याची बाजारातली बसायची जागा कायमची गेली.

अरे, टमाटे आहेत का बांगड्या, कड्यात घालून बघायला? पण विचारणार कोण! उलट सगळे शेतकरी मापाच्या मागे लागले. पाणी पाजून पाजून टमाटे फुगवायचे. दिसायला गरगरीत आणि कापले की नुसतं पाणी. कालवणात घाला नाहीतर भिंतीवर मारा, सारखंच.

त्याच गावात ठकूबाई राहायची. एकटा जीव. परसाएवढं वावर आणि बाजारातली हातभर जागा, एवढ्यावर तिचं पोट. तिच्याकडे आईने दिलेलं बी होतं. ते ती राखेत घोळून जिवापाड जपायची. त्याचे टमाटे बोराएवढे, घोसाने लगडायचे, आणि गोड असे की खाणारा गप्पच बसायचा.

पहिल्या बाजारी तिचा टमाटा कड्यातून टपकन खाली पडला.

"महाजन, एक खाऊन तर बघा," ती म्हणाली.

"मी माप बघतो. चव बघत बसलो तर बाजार भरायचा कधी?" असं म्हणून महाजनाने पाटी उकिरड्यावर ओतायला लावली.

मागे रांगेत शेजारचा हैबतीबाबा उभा होता, डोक्यावर मोठाल्या टमाट्यांची पाटी घेऊन. तो म्हणाला, "ठके, टमाटे लाव की! बोरं कसली लावतेस?" सगळी रांग खो खो हसली. हसायला काय जातं! ज्याची पाटी आत जाते त्याला हसू लवकर येतं.

दुसऱ्या बाजारी तेच झालं. तिसऱ्या बाजारी तिची जागा गेली.

ठकूबाई घरी गेली नाही. उकिरड्याच्या कडेला बसून तिने आपले टमाटे एकेक करून वेचले आणि पदराला पुसले. मनाशी ठरवलं, आज हे खपले नाहीत तर उद्या झाडं उपटून शेळीपुढे टाकायची. बी ठेवून तरी करायचं काय?

तेवढ्यात राजमातेची पालखी आली. ऊन मी म्हणत होतं. पुढचा भोई ओरडला, "बाई, काही खायला आहे का? एकच हात मोकळा आहे, कापत बसायला सवड नाही."

ठकूबाईने त्याच्या हातावर मूठभर टमाटे ठेवले. त्याने चालता चालता एक तोंडात टाकला. मग दुसरा. मग मागे वळून म्हणाला, "गड्यांनो, हे खाऊन बघा!" हां हां म्हणता चारही भोई मिटक्या मारू लागले.

पालखीतून राजमातेचा आवाज आला, "मेल्यांनो, मला विचारायचं तरी!" मग तिनेही एक खाल्ला, आणि पालखी थांबवली. "ती पाटी आत ठेवा. मी जरा सरकून बसते," ती म्हणाली.

झालं! भोई कनवटीला टमाटे बांधून गावोगाव हिंडले आणि प्रत्येक मुक्कामाला लोक विचारू लागले, हे काय खाताय? विणकर एका हाताने धोटा सांभाळत ते खाऊ लागले, गुराखी काठी खांद्यावर टाकून खाऊ लागले. कापायला नको, शिजवायला नको. वर्षभरात जो तो ठकूबाईचंच बी मागू लागला, आणि तिने ते ओंजळीने वाटलं.

आणि महाजन? लाज कोळून प्यालेला माणूस तो! चारचौघांत सांगू लागला, "हे फळ मीच हेरलं होतं." ठकूबाईला वेशीशीच जागा दिली, वर सावलीला मांडव घातला. कडं मात्र तिथंच होतं. आता उलटं चाललं होतं. आरपार पडेल ती पाटी आत, अडकेल ती उकिरड्यावर!

एका बाजारी हैबतीबाबा आला. त्या वर्षी पाणी कमी पडलं होतं, त्यामुळे त्याचे टमाटे मोठे, पण आंबटगोड, घट्ट गराचे उतरले होते. सार करावं तर असल्याच टमाट्यांचं. महाजनाने एक कड्यात सोडला. अडकला. "उकिरड्यावर ओता!"

म्हातारा हात जोडून म्हणाला, "हा माझा तिसरा बाजार आहे हो. जागा गेली तर खाऊ काय?"

मांडवाखालची ठकूबाई ताडकन उठली. तिने ते कडं हिसकून जमिनीवर आपटलं.

"महाजन, माझे टमाटे फेकलेत, ते न चाखता. यांचे फेकताय, तेही न चाखता. आणि माझे डोक्यावर घेतलेत, ते तरी कधी चाखलेत का? सांगा, एक तरी खाल्लाय?"

खरंच महाजनाने एकही खाल्लेला नव्हता.

"मग यांची पाटी आधी आत जाईल. नाहीतर माझी आजपासून या बाजारात येणार नाही!"

राजमातेचे भोई टमाटे न्यायला तिथंच उभे होते. त्यांनी जाऊन सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत हुकूम आला. लोहाराने त्या कड्याची विळी केली. वेशीतला मांडव उतरवून आत बाजारात घातला. आता महाजनाने उन्हात विळीवर बसायचं, प्रत्येक पाटीतलं एक फळ चिरायचं, खायचं आणि मगच तोंड उघडायचं. पहिल्याच बाजारी चाळीस पाट्या आल्या. पोट धरून घरी गेला!

हैबतीबाबा पाटी घेऊन आत जाताना थबकला. "ठके, मी तुला हसलो होतो गं."

"हसला होतात. विसरले नाही मी, आणि रागही गेलेला नाही," ठकूबाई म्हणाली. "उन्हात उभे राहू नका. या, इथं शेजारी बसा."

म्हणून सांगतो, लहानमोठ्यांनो: चाखल्याशिवाय फेकू नये, आणि चाखल्याशिवाय डोक्यावरही घेऊ नये.