मैनाच्या खुब्याचा फोटो

"चांगला म्हणजे कसा?" मुजावर सरांनी विचारलं.

शाल्मलीला हसू आलं. सरांनी असं विचारावं?

"चांगला म्हणजे चांगला, सर. एकदा पाठवला की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनं परत पाठवू नये, असा."

डॉ. दस्तगीर मुजावर हे मिरजेतले जुने जनावरांचे डॉक्टर. कुत्र्याच्या खुब्याचा एक्स-रे काढावा तर त्यांनीच, असं सगळा भाग म्हणायचा. डॉ. शाल्मली बेडकिहाळ त्यांचीच विद्यार्थिनी. आता सांगलीत तिचा स्वतःचा दवाखाना होता, हाताला गुण होता, आणि तो आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आज मात्र ती डॉक्टर म्हणून आली नव्हती. तिची स्वतःची जर्मन शेफर्ड, मैना, तिच्या पायाशी बसली होती.

मैनाला दोन वर्षं पूर्ण झाली होती. इचलकरंजीतल्या एका नामी नराशी तिची जोडी ठरली होती. खुबे निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र तेवढं यायचं होतं. आईचा खुबा कच्चा असला की ते दुखणं पिल्लांच्या वाट्याला येतं. म्हणून आधी हा फोटो.

"मैनापासून माझा वंश सुरू होणार," असं शाल्मली वर्षभर भेटेल त्याला सांगत होती.

"एक्स-रे मीच काढते, सर. मशीन तुमचं, सही तुमची. एका फोटोत काम होईल."

सरांनी मैनाच्या पाठीवरून हात फिरवला.

"जिना कशी चढते?"

"उड्या मारत! सशासारखी. मागचे दोन्ही पाय एकदम उचलते. भारी खेळकर आहे."

सरांनी मैनाच्या मागच्या पायांकडे पाहिलं…

मैनाला भुलीचं इंजेक्शन दिलं. ती गाढ झोपल्यावर शाल्मलीनं तिला लाकडी खोबणीत उताणी निजवली. मागचे पाय सरळ ओढले, एकमेकांना समांतर आणले, गुडघे आत वळवले. चिकटपट्टीनं पाय बांधले. दोघं भिंतीआड गेली. तिनं बटण दाबलं.

पडद्यावर फोटो उमटला. सरांनी पाहिला.

"पुन्हा."

"का, सर?"

सरांनी नुसतं बोट ठेवलं. कमरेच्या हाडात खाली दोन भोकं असतात. कुत्रं सरळ निजलेलं असेल तर दोन्ही सारखी दिसतात. इथं एक मोठं होतं, एक बारीक.

"किंचित कल आहे," शाल्मली म्हणाली. "पण सांधे बघा ना. मांडीच्या हाडांचे दोन्ही गोळे कसे आत बसलेत! हा चालून जाईल."

"पुन्हा."

तिनं पट्ट्या सोडल्या, मैनाला नीट केलं, पुन्हा बांधलं. फोटो आला. तोच कल, त्याच बाजूला.

तिसराही तसाच.

"टेबल कललंय तुमचं," ती म्हणाली. आवाज थोडा चढला होता.

सरांनी चहाची बशी उचलली, काठोकाठ पाणी भरलं आणि टेबलाच्या मोकळ्या कडेवर ठेवली. पाणी कुठल्याच बाजूनं सांडलं नाही.

"मग ही खोबण वाकडी असेल."

सरांनी मैनाला अलगद उचललं. डोक्याकडची बाजू पायांकडे येईल अशी खोबण फिरवली. मैनाला परत निजवलं. शाल्मलीनं पुन्हा पाय ओढून बांधले.

फोटो आला. तोच कल.

"मग मैनाच हलत असणार!"

मैना घोरत होती…

शाल्मलीची कानशिलं तापली होती. ज्या हाताचं आजवर कौतुकच झालं, त्या हाताकडे तिनं पाहिलं.

"म्हणजे माझा हात चुकतोय?"

"हात चांगला आहे तुझा."

"मग?"

"डोळे मीट."

"डोळे मिटून? सर, बघून बघून पोझिशन घ्यायची, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला!"

"मीट, पोरी."

तिनं पट्ट्या सोडल्या आणि डोळे मिटले.

मैनाचे पाय तिच्या हातात होते, उबदार आणि सैल. तिनं अंगठ्यांनी गुडघ्यांच्या वाट्या चाचपल्या. उजवी सापडली. डावी सापडली. मग तिनं ओढायला सुरुवात केली आणि थबकली.

उजवा हात ओढत होता. डावा ओढत नव्हता. डावा नुसता धरून होता. झोपलेल्या मुलाचा हात धरावा, तसा.

आपण हा पाय ओढायला कचरतोय… कधीपासून?

मग तिनं श्वास सोडला आणि दोन्ही पाय सारखे ओढले. अंगठ्यांखालच्या वाट्या एकदमच वर आल्या.

"बांधा, सर."

सरांनी पट्ट्या बांधल्या. दोघं भिंतीआड गेली. बटण तिनंच दाबलं.

या वेळी कल नव्हता. दोन्ही भोकं सारखी, दोन्ही मांड्या समांतर, वाट्या बरोबर मधोमध. वर्गात दाखवावा असा फोटो.

आणि डाव्या खुब्याचा गोळा निम्मा हाडाच्या खोबणीबाहेर होता.

शाल्मली पडद्याकडे बघत राहिली.

"सशासारखी…" ती पुटपुटली. "तो खेळ नव्हता. तिला एकेक पाय टाकवत नव्हता."

सर स्टुलावर बसले.

"फोटो पाच झाले," ते म्हणाले. "सही माझी. निवड तुझी."

पहिला फोटो अजून पडद्याच्या कोपऱ्यात होता. त्यात दोन्ही गोळे आत दिसत होते. कल किंचितच होता. एखादा घाईतला तपासणारा त्यावर होकार देऊनही गेला असता. हे सरांना कळत होतं, तिलाही कळत होतं.

तिनं कोपऱ्यातले सगळे फोटो पुसले. शेवटचा ठेवला.

मग तिनं तिथूनच इचलकरंजीला, नराच्या मालकांना, फोन लावला.

"तात्या, शाल्मली बोलतेय. आपली जोडी होणार नाही. मैनाचा डावा खुबा कच्चा आहे… हो, पक्कं… नाही, दुसऱ्या कुणाला दाखवायची गरज नाही. फोटो मी काढलाय."

तिचा आवाज कुठेही हलला नाही. सकाळी ती ज्या तोऱ्यात आली होती, त्याहून हा आवाज खालच्या पट्टीत होता. पण जास्त ठाम.

फोन ठेवून ती वळली. सरांनी सही केली होती.

मैनाची भूल उतरू लागली. आधी कान हलला, मग शेपटी. शाल्मली फरशीवर बसली आणि तिला मांडीवर घेतलं. मैनानं जड डोळे उघडले, तिला ओळखलं आणि जीभ बाहेर काढून तिचं मनगट चाटलं.

तेव्हा कुठे शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हिच्या पायाचं मी बघेन, सर. औषध, व्यायाम, वेळ पडली तर ऑपरेशन. त्याची काळजी नाही मला." तिनं मैनाच्या कपाळावर हात ठेवला. "पण ही माझ्या वंशाची आई होणार होती. आता हिला मी काय म्हणून सांभाळू?"

सर हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला.

"तुला जीव लावायला तिनं तुझा फोटो कधी मागितला होता?"