येसूच्या बांधावरची दगडाची भुकटी

फार फार पूर्वी, आगीतून जन्मलेल्या एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली जमीन पिकं देऊन देऊन थकली होती.

त्या गावात येसू नावाची शेतकरीण राहायची. तिच्या बांधाला लागूनच हणमा पाथरवट डोंगराचा दगड फोडून दळणाची जाती घडवायचा. वर्षानुवर्षं त्याची टाकी-हातोडी चालायची आणि दगडाची भुकटी वाऱ्याबरोबर येसूच्या रानात येऊन पडायची.

एकदा वैतागून येसूनं पाटलांकडे गाऱ्हाणं नेलं.

पाटील म्हणाले, "उद्या येऊन बघतो. पिकाचं नुकसान दिसलं, तर हणमाला गाव सोडावं लागेल."

सकाळी येसू खराब झालेली ज्वारीची ताटं शोधायला बांधाकडे गेली, आणि बघतच राहिली. भुकटी पडलेल्या पट्ट्यात ताटं जाडजूड, हिरवीगार होती. बाकीच्या रानात पिवळी, किरकोळ. असं कसं? तिनं माती चिमटीत धरली, चोळली, हुंगली. काही कळेना.

तेवढ्यात हणमाला आणि चार गावकऱ्यांना घेऊन पाटील आले. "दाखव नुकसान."

येसू घुटमळली. खरं बोलावं तर चारचौघांत हसं होणार, लपवावं तर शेजाऱ्याचं घर उठणार.

"नुकसान नाही, पाटील. उलट इथंच पीक जोरात आहे. माझंच चुकलं."

मग ती हणमाकडे वळली. "दादा, तुझ्या दगडात आहे तरी काय?"

हणमाही विचारात पडला. "आपली काळी मातीसुद्धा कधीकाळी डोंगरच होती ना, ताई? ऊन-पाऊस त्याला सावकाश दळतात. मी जरा भराभर दळतो, एवढंच."

पुढच्या पेरणीआधी येसूनं अर्ध्या रानात शेणखताबरोबर भुकटी मिसळली, अर्धं तसंच ठेवलं. पण दोन्हीकडे सारखंच पिकलं.

"दगड पेरून ज्वारी मागतेय!" लोक हसले.

येसूला मात्र चैन पडेना. 'बांधावर तर कितीतरी वर्षं भुकटी पडतेय. दगडाला मुरायला वेळ लागत असेल,' असं म्हणत तिनं पुन्हा तसंच केलं.

त्यानंतरच्या सुगीत भुकटीच्या रानातली ताटं कणसांच्या भारानं वाकली. हसणारेच टोपल्या घेऊन हणमाच्या दारात उभे राहिले. काही वर्षांत सगळ्या गावाची रानं डोलू लागली.

तात्पर्य: रागाच्या भरातही जो नीट बघतो आणि दिसलेलं खरं बोलतो, त्यालाच नवं काही सापडतं.